तार पोहोचली, आता रुळांवर जागा हवी

३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदरहून कुर्ल्यापर्यंत हार्बर मार्गावर देशातली पहिली विजेची गाडी धावली. वरच्या तारेतला विद्युतदाब होता १,५०० व्होल्ट आणि प्रवाह डीसी. त्याच हार्बर मार्गावर डीसी विजेवरची शेवटची लोकल धावली ती एप्रिल २०१६ मध्ये. मधल्या एक्क्याण्णव वर्षांत राज्यकर्ते बदलले, वाफेची इंजिनं इतिहासजमा झाली, मुंबईची वस्ती कित्येक पटींनी वाढली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अभियंत्यांनी निवडलेला तो आकडा मात्र कायम राहिला. रेल्वेचं नियोजन किती लांबचं असतं हे समजून घ्यायला मुंबईकरांना दूर कुठे जायला नको.

तो निर्णय चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. १९२५ साली १,५०० व्होल्ट डीसी हेच भरवशाचं तंत्र होतं. २५,००० व्होल्टची एसी वीज थेट इंजिनाला देण्याचं तंत्र फ्रान्सच्या रेल्वेने दुसऱ्या महायुद्धानंतर यशस्वी करून दाखवलं. त्याचा फायदा सरळ आहे. दाब वाढला की तेवढ्याच शक्तीसाठी लागणारा प्रवाह कमी होतो आणि तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. तार बारीक चालते आणि उपकेंद्रं काही किलोमीटरवर उभारण्याऐवजी चाळीस-पन्नास किलोमीटरवर उभारली तरी भागतं. भारताने १९५७ मध्ये, फ्रेंच रेल्वेच्या सल्ल्याने, पुढचं सगळं विद्युतीकरण २५,००० व्होल्टवर करायचं ठरवलं. माझ्या मते स्वतंत्र भारतातल्या रेल्वेचा हा सर्वांत दूरदृष्टीचा तांत्रिक निर्णय आहे. आज देशभर एकच इंजिन जम्मूपासून तमिळनाडूपर्यंत धावू शकतं, ते त्यामुळे.

मद्रासची लहानशी उपनगरी डीसी यंत्रणा १९६७ मध्येच नव्या दाबावर आली. मुंबईची यंत्रणा मोठी होती, दिवसरात्र राबत होती, म्हणून राहून गेली. मग दर वर्षी ती आणखी वाढली आणि बदलणं आणखी अवघड झालं. २५,००० व्होल्टच्या तारेपासून पुलाच्या पोटापर्यंत जास्त अंतर सोडावं लागतं, नाहीतर ठिणगी उडी मारते. ब्रिटिशकाळातले मुंबईचे पूल ठेंगणे. कुठे पूल उचलायचे, कुठे रूळ खाली घ्यायचे, कुठे पूल पाडूनच टाकायचे. सँडहर्स्ट रोडजवळचा हँकॉक पूल जानेवारी २०१६ मध्ये पाडला आणि त्याच्या जागी नवा पूल व्हायला पुढची कित्येक वर्षं गेली. तेवढा काळ त्या भागातले लोक जीव मुठीत धरून रूळ ओलांडत राहिले. हे सगळं करायचं ते रोजच्या लोकल चालू ठेवून, रात्रीच्या चार तासांत आणि रविवारच्या मेगाब्लॉकमध्ये. त्याआधी दोन्ही दाबांवर चालणाऱ्या लोकल आणि इंजिनं तयार करून ठेवावी लागली, ती वेगळीच. देशातली पहिली वातानुकूलित लोकल मध्य रेल्वेसाठी आली होती, पण तिची उंची तिथल्या जुन्या पुलांना झेपेना. शेवटी ती पश्चिम रेल्वेकडे गेली आणि २५ डिसेंबर २०१७ रोजी बोरिवली–चर्चगेट अशी धावली. शंभर वर्षांपूर्वी पुलाची उंची ठरवणाऱ्याला वातानुकूलित लोकल ठाऊक असणं शक्य नव्हतं. पण आज पूल बांधणाऱ्याला पुढच्या शंभर वर्षांसाठी थोडी जास्त उंची सोडणं शक्य असतं आणि तेवढी सोडायचा खर्च त्या वेळी किरकोळ असतो.

देशातल्या विद्युतीकरणाची बाकीची गोष्ट वेगाची आहे. स्वातंत्र्याच्या वेळी मुंबई आणि मद्रास मिळून फक्त ३८८ किलोमीटर मार्गावर तार होती. २०१४ पर्यंत हा आकडा २१,८०० किलोमीटरच्या आसपास पोहोचला. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने उरलेल्या १३,६७५ किलोमीटर ब्रॉडगेजच्या विद्युतीकरणाला एकगठ्ठा मंजुरी दिली आणि आज जवळजवळ सगळं ब्रॉडगेज जाळं तारेखाली आलं आहे. सदुसष्ट वर्षांत जेवढं झालं, त्याच्या दुपटीहून अधिक पुढच्या दशकभरात झालं. एवढ्या मोठ्या देशाने इतक्या कमी काळात डिझेलकडून विजेकडे वळणं ही अभिमानाची गोष्ट आहे आणि ती तशीच म्हटली पाहिजे.

या घाईत एक विसंगतीही घडली. नोव्हेंबर २०१५ मध्ये रेल्वेने दोन मोठे करार केले, दोन्ही बिहारमधल्या कारखान्यांसाठी. मधेपुऱ्यात आल्स्तोम कंपनीबरोबर ८०० विद्युत इंजिनं आणि मढौऱ्यात जीई कंपनीबरोबर १,००० डिझेल इंजिनं. पुढच्या तीनच वर्षांत डिझेल पूर्ण संपवायचा निर्णय झाला. इंजिन तीस-पस्तीस वर्षं चालतं, म्हणजे त्या डिझेल इंजिनांचं आयुष्य विद्युतीकरणाच्या उद्दिष्टाच्या कितीतरी पलीकडे जाणार, हे उघड होतं. मढौऱ्याचा कारखाना आता आफ्रिकेतल्या गिनी देशाला इंजिनं पाठवतो, हा मार्ग चांगलाच निघाला. पण इंजिनाचा आराखडा एका टेबलावर आणि तारेचा दुसऱ्या टेबलावर अशी कामाची विभागणी असेल, तर असं पुन्हा होईल.

आता एक प्रश्न हमखास विचारला जातो: आपली सत्तर टक्क्यांहून अधिक वीज कोळशाची, मग विजेच्या गाडीने कार्बन कमी झाला कुठे? धूर इंजिनाच्या नळीतून निघायचा तो कोराडीच्या वीजघराच्या चिमणीतून निघतो, एवढंच ना? प्रश्न रास्त आहे. आजच्या दिवसापुरतं बोलायचं तर डिझेल सोडून कोळशाची वीज घेतल्याने उत्सर्जनात होणारी घट लहान आहे. पण तारेचे खांब पन्नास वर्षं उभे राहणार आहेत आणि त्या पन्नास वर्षांत तारेतली वीज बदलत जाणार आहे. डिझेलचं इंजिन विकत घेतलं की त्याच्या अखेरच्या दिवसापर्यंत ते डिझेलच पिणार. विजेचं इंजिन मात्र आज कोळशाची वीज घेईल, दहा वर्षांनी निम्मी सूर्याची घेईल आणि त्यासाठी इंजिनात एक स्क्रूही बदलावा लागणार नाही. तार टाकण्यामागे हाच लांबचा हिशेब आहे.

तो हिशेब पुरा व्हायचा तर रेल्वेला वीज स्वतः निवडून घ्यावी लागते. पूर्वी ज्या राज्यातून गाडी जाई, तिथल्या वीज कंपनीच्या दराने वीज घेणं भाग होतं. २०१५ नंतर रेल्वेला वीज थेट उत्पादकाकडून विकत घेण्याची मुभा मिळाली आणि वायूअभावी बंद पडलेला आपला दाभोळचा प्रकल्प रेल्वेला वीज देण्यासाठी पुन्हा चालू झाला. सांगली जिल्ह्यातल्या पवनचक्क्यांची वीजही मध्य रेल्वे वापरते. मध्य प्रदेशात बीना इथे १.७ मेगावॅटचा सौर प्रकल्प थेट २५,००० व्होल्टच्या तारेला जोडला आहे. प्रकल्प छोटा, पण सौर पॅनेलमधून निघालेली वीज थेट इंजिनात जाते हे त्याने दाखवून दिलं.

अडचण आहे ती वेळेची. मालगाड्या रात्री जास्त धावतात आणि सूर्य दिवसा तळपतो. उत्तर शोधताना मला सह्याद्रीच आठवतो. खोपोलीचं टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ चं, भिवपुरीचं त्यानंतर सात वर्षांनी. आता त्याच परिसरात, भिवपुरीला १,००० आणि शिरवत्याला १,८०० मेगावॅटचे उदंचन प्रकल्प टाटा पॉवरने आखले आहेत. दुपारच्या स्वस्त सौर विजेने पाणी वर चढवायचं आणि रात्री ते खाली सोडून वीज करायची. या डोंगराच्या अंगाखांद्यावरूनच मुंबई–पुणे लोहमार्ग जातो. इथल्या विजेवर रात्रीची मालगाडी घाट चढेल, अशी सांगड घालायला रेल्वे आणि वीज खात्याने आत्तापासून एकत्र बसायला हवं.

घाटाचा विषय निघालाच आहे तर या बोरघाटाची एक गोष्ट सांगायलाच हवी. कर्जत ते लोणावळा चढ ३७ फुटांना एक फूट, इतका तीव्र. गाडीला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात. १९२८ च्या सुमारास या घाटासाठी लांब नाकाडांची विजेची मालइंजिनं आली. घाटातले कर्मचारी त्यांना ‘खेकडा’ म्हणत. गाडी घाट उतरताना या इंजिनाच्या मोटारी उलट जनित्रासारख्या चालत, गाडीचा वेग आवरत आणि तयार झालेली वीज तारेत परत जाई. तीच वीज त्याच वेळी घाट चढणाऱ्या गाडीला मिळे. आज नव्या लोकल हेच तंत्र वापरून सुमारे तीस टक्के वीज परत करतात. शंभर वर्षांपूर्वीचं हे तंत्र दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात ठेवलेल्या खेकड्याच्या पोटात आहे, तिकडे गेलात तर जरूर पाहा.

इथवर विजेचं झालं. पण खरा कार्बन रेल्वेत नाहीच. देशाच्या वाहतूक क्षेत्रातल्या उत्सर्जनाचा सुमारे नव्वद टक्के भाग रस्त्यावरचा आहे. रेल्वेचा वाटा आधीच इतका लहान की तो शून्यावर आणला तरी हवेला फारसा फरक जाणवणार नाही. फरक पडेल तो ट्रकवरचा माल रुळांवर आला तर. पोलादी चाक पोलादी रुळावर फार कमी घर्षणाने फिरतं. रेल्वे मंत्रालयाच्या हिशेबाप्रमाणे एक टन माल एक किलोमीटर नेताना रेल्वे जेवढा कार्बन सोडते, त्याच्या आठ-नऊ पट ट्रक सोडतो. आणि आपण गेली सत्तर वर्षं नेमके उलट चाललो आहोत. १९५०-५१ मध्ये देशातल्या मालवाहतुकीत रेल्वेचा वाटा ८५ टक्क्यांहून अधिक होता. आता तो २७ टक्क्यांच्या आसपास आहे. डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय रेल्वे योजनेच्या मसुद्यात हा वाटा २०३० पर्यंत ४५ टक्क्यांवर नेण्याचं आणि २०५० पर्यंतच्या मागणीला पुरेल एवढी क्षमता २०३० पर्यंतच उभी करण्याचं उद्दिष्ट आहे. मागणीच्या आधी क्षमता, हा विचार भारतीय रेल्वेत नवा आहे आणि बरोबर आहे. २०३० आता अगदी समोर आलं आहे आणि ४५ टक्के अजून लांब आहेत.

क्षमता म्हणजे काय, हे जरा जवळून पाहू, कारण सगळी गोम तिथे आहे. एकेरी मार्गावर दोन क्रॉसिंग स्थानकांमधल्या तुकड्याला ब्लॉक सेक्शन म्हणतात आणि त्यात एका वेळी एकच गाडी असते. मार्गाची क्षमता मोजायला रेल्वेत ‘स्कॉटचं सूत्र’ वापरतात. समजा, मार्गावरचा सर्वांत लांब ब्लॉक बारा किलोमीटरचा आहे आणि मालगाडीला तो ओलांडायला वीस मिनिटं लागतात. सिग्नल, लाइन क्लिअर यांत आणखी पाच. म्हणजे दर पंचवीस मिनिटांना एक गाडी. दिवसाची १,४४० मिनिटं भागिले २५ केलं तर साधारण ५७ गाड्या. देखभाल, बिघाड, उशीर यांसाठी त्यातल्या तीस टक्के सोडल्या की हाती उरतात चाळीस, त्याही दोन्ही दिशांच्या मिळून. बाकीचे सगळे ब्लॉक लहान असले तरी उपयोग नाही, तो एक लांब ब्लॉक सगळ्या मार्गाचा गळा आवळून धरतो. आता त्याच ब्लॉकच्या मध्यावर एक क्रॉसिंग स्थानक बांधा. वीस मिनिटांची दहा होतात आणि त्या ठिकाणची क्षमता चाळीसवरून सदुसष्टवर जाते. एक लूप लाइन, दोन-चार पॉइंट, सिग्नल आणि एक स्टेशन मास्तर. नवा मार्ग टाकण्याच्या मानाने हा खर्च नगण्य.

कोकण रेल्वेने नेमकं हेच केलं. कळंबणी, कडवई, वेरवली, खारेपाटण, आचिर्णे अशी नवी क्रॉसिंग स्थानकं अलीकडच्या काळात उभी राहिली. गणपतीत चाकरमान्यांच्या जादा गाड्या सोडायच्या तर ही जागा लागतेच. रोहा–वीर हा ४६ किलोमीटरचा टप्पा २०२१ मध्ये दुपदरी झाला आणि २०२२ मध्ये सगळा मार्ग विजेवर आला. पण बाकी मार्ग अजून एकेरीच आहे. कोलाड ते वेर्णा ट्रकच रेल्वेवर चढवून नेणारी रो-रो सेवा १९९९ पासून चालू आहे. कल्पना उत्तम, ट्रकचं डिझेल वाचतं, महामार्गावरचा भार हलका होतो. तिला पसरायला मात्र रुळांवर जागाच नाही. तार आली म्हणून गाड्या वाढत नाहीत.

दुहेरी मार्गावर गळचेपी वेगळ्या प्रकारे होते. ताशी १०० किलोमीटरची मेल आणि ५० किलोमीटरची मालगाडी एकाच रुळावर सोडली, तर शंभर किलोमीटरच्या टप्प्यात मालगाडी तासभर मागे पडते. तिला तासभर आधी सोडायचं, नाहीतर वाटेत सायडिंगला टाकायचं. दर वेळी मालगाडीच सायडिंगला जाते, आणि मग तिचा सरासरी वेग ताशी पंचवीस किलोमीटरवर येतो. माल कधी पोहोचेल हे व्यापाऱ्याला कोणी सांगू शकत नाही. ट्रकवाला सांगतो. रेल्वेचा वाटा घटला तो दरामुळे कमी आणि या अनिश्चिततेमुळे जास्त. दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता यांना जोडणारे मार्ग आणि त्यांचे कर्ण, म्हणजे जाळ्याच्या जेमतेम १६ टक्के रूळ, निम्म्याहून अधिक प्रवासी आणि निम्म्याहून अधिक माल वाहतात. तिथे श्वास घ्यायला जागा नाही.

म्हणून मालगाड्यांसाठी वेगळे, समर्पित मार्ग. त्यासाठीचं महामंडळ २००६ मध्ये स्थापन झालं. पूर्वेचा लुधियाना ते सोननगर, १,३३७ किलोमीटर. पश्चिमेचा दादरी ते जेएनपीटी, म्हणजे न्हावाशेवा बंदर, १,५०६ किलोमीटर. पहिल्याला जागतिक बँकेचं कर्ज, दुसऱ्याला जपानचं. पश्चिम मार्गावर तार रुळांपासून साडेसात मीटर उंचीवर आहे, कारण खालून एकावर एक असे दोन थर कंटेनर लादलेली गाडी जाते. विजेच्या तारेखालून दुमजली कंटेनर गाडी, तीही दीड किलोमीटर लांबीची, ही जानेवारी २०२१ मध्ये प्रत्यक्ष धावली. हरियाणात सोहन्याजवळ अरवलीतला बोगदाही याच उंचीच्या हिशेबाने खोदला आहे. मुंबईतल्या ठेंगण्या पुलांना जी दूरदृष्टी मिळाली नाही, ती इथे मिळाली.

पण ज्या बंदरासाठी हा मार्ग आखला, त्या बंदरापर्यंतचाच तुकडा, वैतरणा ते जेएनपीटी हा सुमारे शंभर किलोमीटरचा, सर्वांत मागे राहिला. पालघर, ठाणे, रायगडमधली जमीन हे त्याचं मोठं कारण. उत्तरेकडचा हजारभर किलोमीटरचा मार्ग चालू झाल्यावरही न्हावाशेव्याचा कंटेनर बंदरातून मुख्यतः ट्रकनेच निघत राहिला.

प्रकल्प रखडण्याचं कारण अभियंत्यांची कुवत नव्हे, हे महाराष्ट्रातल्याच दोन मार्गांवरून दिसतं. कोकण रेल्वे महामंडळ जुलै १९९० मध्ये स्थापन झालं. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत ७४० किलोमीटर, ९१ बोगदे, लहानमोठे दोन हजार पूल, दरडी कोसळणारा लाल मातीचा डोंगर. आणि २६ जानेवारी १९९८ रोजी सगळा मार्ग खुला. ई. श्रीधरन यांचं नेतृत्व होतंच, पण त्यांच्या हाती वेगळं महामंडळ होतं, रोखे विकून उभा केलेला स्वतःचा पैसा होता, आणि जागेवर निर्णय घ्यायचा अधिकार होता. अहमदनगर–बीड–परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गाला मंजुरी मिळाली १९९५ मध्ये. पठारावरचा मार्ग, कोकणाच्या तुलनेत सोपा. त्यावरून बीडला पहिली प्रवासी गाडी पोहोचली १७ सप्टेंबर २०२५ रोजी. तीस वर्षं. मंजुरीच्या वर्षी जन्मलेली बीडची मुलगी तोवर तीस वर्षांची झाली होती, आणि शिकायला, नोकरीला ती एसटीनेच गेली असणार.

फरक पडला तो पैशाच्या ओघामुळे. १९२४ पासून २०१६ पर्यंत रेल्वेचा स्वतंत्र अर्थसंकल्प मांडला जाई आणि दर वर्षी नव्या मार्गांच्या घोषणा होत. घोषणा शेकड्यांनी, पैसा मूठभर. तो सगळ्या प्रकल्पांवर थोडा थोडा शिंपडला जाई; कुठे मातीचा भराव, कुठे एखादा पूल, आणि पुढच्या वर्षाची वाट. अर्धवट मार्गावर गाडी धावत नाही, म्हणजे गुंतवलेला पैसा पडूनच. २०१७ मध्ये हा अर्थसंकल्प सर्वसाधारण अर्थसंकल्पात मिसळला आणि आता भांडवली खर्च वर्षाला अडीच लाख कोटींच्या पुढे गेला आहे. पैसा वाढला ही चांगलीच गोष्ट. तरी मला वाटतं, मंजूर यादीतल्या प्रत्येक मार्गाला ‘हा आधी, तो नंतर’ असा जाहीर क्रम आणि त्या क्रमाला संसदेची बांधिलकी मिळाल्याशिवाय बीडची गोष्ट दुसऱ्या कुठल्या तरी जिल्ह्यात घडत राहील.

क्रम कसा ठरवायचा, यासाठी स्वित्झर्लंडचं उदाहरण फार शिकवणारं आहे. तिथल्या ‘बाहन २०००’ योजनेला १९८७ मध्ये जनमताने मंजुरी मिळाली. त्यांनी आधी वेळापत्रक आखलं: प्रमुख स्थानकांवर सगळ्या दिशांच्या गाड्या एकाच सुमारास याव्यात, प्रवाशांनी गाडी बदलावी आणि सगळ्या गाड्या पुन्हा निघाव्यात. त्यासाठी दोन प्रमुख स्थानकांमधला प्रवास तासाच्या आत बसायला हवा. बर्न–झुरिक बसत नव्हता, म्हणून तिथे मॅटस्टेटन ते रोथ्रिस्ट नवा वेगवान मार्ग बांधला. डिसेंबर २००४ मध्ये ते वेळापत्रक चालू झालं. सतरा वर्षं, मधल्या काळात मंत्री बदलले, मूळ तत्त्व बदललं नाही. आधी वेळापत्रक, मग काँक्रीट. आपल्याकडे मार्ग आधी मंजूर होतो आणि त्यावर कुठली गाडी किती वाजता धावणार हा विचार उद्घाटनाच्या महिन्यात होतो.

या सगळ्यात एक मोठी गाठ आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. रेल्वे वर्षाला १६० कोटी टनांहून अधिक माल नेते आणि त्यातला जवळजवळ निम्मा कोळसा असतो. वणी, घुग्घुसच्या खाणींतून एकलहऱ्याच्या वीजघरापर्यंत, झारखंड-छत्तीसगडमधून देशभर, कोळशाच्या वाघिणींची रांग अखंड चालू असते. मालवाहतुकीच्या नफ्यातून प्रवासी तिकिटांची तूट भरून निघते. म्हणजे पॅसेंजर गाडीचं स्वस्त तिकीट मोठ्या प्रमाणात कोळसाच पेलतो. देशाने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन गाठायचं ठरवलं आहे आणि ते ठरल्याप्रमाणे झालं, तर आधी कोळसा जाईल. रेल्वेची तार जितकी स्वच्छ होईल, तितकं तिचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक आटत जाईल. ही दिशा बदलायची नाहीच. पण कोळशाची जागा घेणारा माल आत्तापासून शोधावा लागेल, आणि तो माल स्वभावाने वेगळा आहे. कोळसा खाणीतून निघतो आणि वीजघरात जातो, अख्खा रेक एकाच मालकाचा. ट्रकवरून आणायचा माल म्हणजे टीव्ही, औषधं, सिमेंटच्या गोण्या, मोटारी, कांदा, डाळिंब: शेकडो मालक, लहान लहान खेपा, आणि वेळेची निकड.

असा माल येतो, हे आपण पाहिलंही आहे. देशातली पहिली किसान रेल ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळालीहून बिहारमधल्या दानापूरला गेली आणि शंभरावी त्याच वर्षी डिसेंबरात सांगोल्याहून कोलकात्याजवळच्या शालिमारला. सांगोल्याचं डाळिंब वेळेवर आणि कमी भाड्यात पोहोचलं. भाड्यातली सवलत घटली, मग थांबली, तसा ओघही आटला. सवलतीने गिऱ्हाईक दारापर्यंत आणता येतं. ते टिकवायला ठरलेली वेळ, शीतगृह आणि शेताजवळचा माल चढवायचा फलाट लागतो, आणि त्यांना एका हंगामापेक्षा जास्त वेळ द्यावा लागतो.

सर्वांत मोठी संधी मला भिवंडीत दिसते. देशातली सर्वांत मोठी गोदामांची वस्ती तिथे उभी आहे. ऑनलाइन मागवलेलं बरंचसं सामान इथूनच निघतं, आणि जवळपास सगळं ट्रकने. नाशिक महामार्गावरची कोंडी त्याचीच. याच भागातून वसई–दिवा लोहमार्ग जातो, त्यावर भिवंडी रोड स्थानक आहे, आणि पश्चिम समर्पित मार्गाचा वैतरणा–जेएनपीटी तुकडाही इथूनच जातो. खासगी मालवाहतूकदारांना स्वतःचं टर्मिनल उभारता यावं यासाठी २०२१ मध्ये गतिशक्ती कार्गो टर्मिनलचं धोरणही आलं. रूळ आहे, माल आहे, धोरण आहे. कमी पडते ती सपाट, लांबट जमीन, जिथे अख्खी मालगाडी न तोडता उभी राहील आणि कंटेनर थेट गोदामात जाईल. अशी जमीन रुळांच्या कडेला अजून थोडी शिल्लक आहे आणि दर वर्षी तिच्यावर नवी गोदामं चढत आहेत. भिवंडीभोवतालच्या गावांचा विकास आराखडा एमएमआरडीएच्या हाती आहे. त्यात ही जमीन मालवाहतूक टर्मिनलसाठी राखून ठेवायची, तर तशी लेखी मागणी रेल्वेने आराखड्याच्या पुढच्या फेरफाराआधी करायला हवी.